बाळाचा दाट घास

सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी किती मावतं? वजनाच्या दर किलोला साधारण तीस मिलिलिटर, असा बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. सात किलोच्या बाळाला म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या आसपास, घरातल्या आमटीच्या वाटीने सव्वा-दीड वाटी. या एवढ्याशा जागेत काय जातं, त्यावर त्याची पुढची दीड वर्षं ठरतात. आपल्याकडे बहुतेक घरांत तिथे पाणी जातं. वरणाच्या वरचं पाणी, भाताची पेज, नळाच्या धारेसारखी पातळ नाचणी, चहात बुडवलेलं बिस्किट. बाळाचं पोट भरतं, ते रडायचं थांबतं, आई निर्धास्त होते आणि वजनाचा काटा जागचा हलत नाही.

कमी पैशांत घरी बाळाचं खाणं कसं करायचं, हा या प्रकरणाचा विषय आहे. पण स्वस्ताईचा विचार करताना आपण धान्याच्या, डाळीच्या, डब्याच्या किमतीपाशी थांबतो. पातेल्यात ओतलेलं जास्तीचं पाणी फुकटचं असतं, म्हणून त्याचा हिशेब कोणी करत नाही. बाळाच्या आहारात सगळ्यात महाग पडतं ते हेच पाणी.

शिक्रापूरसारख्या गावात हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात भेटतो. पुणे-नगर रस्त्यावरचं हे गाव. इथूनच चाकणला रस्ता फुटतो. एका अंगाला सणसवाडी, कोरेगाव भीमा, दुसऱ्या अंगाला रांजणगावची औद्योगिक वसाहत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली जोडपी इथे दहा बाय दहाच्या खोल्यांत संसार मांडतात. नवरा तीन पाळ्यांच्या चक्रात, घरात आजी नाही, गॅसची छोटी टाकी जपून वापरायची. पहिल्या बाळाला काय भरवायचं हे विचारायला जवळ कोणी नसतं, आणि समोरच्या मेडिकलच्या फळीवर रंगीत डबे मात्र असतात. लहान बाळांच्या तयार अन्नाची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. १९९२चा हा कायदा २००३ साली दुरुस्त करून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचं अन्न त्यात आणलं गेलं. तरीही डबा म्हणजे चांगलं आणि घरचं म्हणजे गरिबाचं, ही समजूत जाहिरातीवाचूनही पोचते.

याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवायचं आणि त्यांच्यामार्फत घराघरात पोचायचं, ही त्यांची रीत. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारखाने आले, बागायत वाढली, रस्ते रुंद झाले, पण बाळाच्या वाटीतला प्रश्न पैशाबरोबर आपोआप सुटला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि ६९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्याच पाहणीत देशभरातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरा मुलांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळत होता. उरलेली एकोणनव्वद मुलं काही सगळी उपाशी घरांतली नाहीत.

आता हिशेब करू. आईचं दूध चालू असलेल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०च्या घरात. बाळाच्या अन्नात एका ग्रॅमला निदान ०.८ उष्मांक असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ सांगत आले आहेत. एक भाग पीठ आणि नऊ-दहा भाग पाणी अशी पातळ पेज केली, तर ग्रॅमला ०.३५ उष्मांक पडतात. म्हणजे दोनशे उष्मांकांसाठी त्या बाळाला चार वाट्या पेज प्यावी लागेल, वर आईचं दूधही घ्यावं लागेल. ते त्याच्याने होणं शक्य नाही. वरणाच्या पाण्याचा तर हिशेबच मांडायला नको. डाळ तळाशी राहते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते.

उपाय साधा आहे. पाणी कमी करायचं, डाळ तळापासून ढवळून घ्यायची आणि वरून अर्धा चमचा तूप किंवा तेल घालायचं. पाच ग्रॅम तेलात ४५ उष्मांक असतात, आणि पोटात जागा जवळजवळ लागत नाही. चमचा तिरका केला की घास हळूहळू सरकावा. धार लागली तर पातळ आहे, चिकटून बसला तर जास्त घट्ट. याच्याइतकी भरवशाची दुसरी खूण नाही, आणि तिला पैसा लागत नाही.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरात हे ज्ञान होतं. खिमट हे त्याचं उत्तम उदाहरण. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, खमंग भाजून जाडसर दळायची, लागेल तशी मऊ शिजवायची, वर जिरं-हिंग आणि तूप. धान्य, डाळ आणि स्निग्ध पदार्थ, तिन्ही एका वाटीत. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे कमी पडतं ते धान्य भरून काढतं. प्रयोगशाळा नसतानाही आज्यांनी हे जमवलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी जे ‘हैदराबाद मिक्स’ तयार केलं, त्याची बैठकही हीच: गहू ४० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ १६, शेंगदाणे १० आणि गूळ २० ग्रॅम, त्यातून ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅमच्या वर प्रथिनं. कुपोषित मुलांसाठी गूळ होता. नेहमीच्या बाळाला तो नको.

शिरूर तालुक्यातल्या घरासाठी मी खिमटाच्या तांदळाजागी बाजरी घेईन. पाबळ-केंदूरचा कोरडा पट्टा असो की दौंडची जिरायत, बाजरी ही इथली घरची पिकावळ आहे आणि भाकरीच्या पलीकडे बाळाच्या वाटीत ती फारशी जात नाही. ‘बाजरी उष्ण पडते’ म्हणून आया ती टाळतात आणि पांढऱ्या तांदळाकडे वळतात. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसतं, बाजरीत सहाच्या वर असतं. उन्हाळ्यात बाजरीला ज्वारीची किंवा नाचणीची जोड द्या, पण ती वगळू नका. राज्यात २०१२ साली शेतकऱ्यांच्या हाती आलेलं ‘धनशक्ती’ हे बाजरीचं वाण मुद्दाम लोह वाढवून निवडलेलं आहे. त्यात किलोला सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरतं. बेळगावच्या संशोधकांनी साधारण दोन वर्षांच्या मुलांना लोह-जस्त जास्त असलेल्या बाजरीचे पदार्थ खायला दिले, तेव्हा नेहमीच्या बाजरीपेक्षा कितीतरी जास्त लोह त्यांच्या अंगी लागल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बियाणं घेताना शेतकरी बाप उताऱ्याची चौकशी करतो. घरात तान्हं बाळ असेल तर या वाणाचीही चौकशी करावी.

प्रमाण असं ठेवा. बाजरी तीन वाट्या, मुगाची डाळ सव्वा वाटी, शेंगदाणे पाऊण वाटी. बाजरी निवडून, धुऊन, रात्रभर भिजवून उपसा, ओल्या फडक्यात बांधून मोड येऊ द्या, मग कडक उन्हात वाळवा. भिजवण्याने आणि मोडाने धान्यातलं फायटेट कमी होतं. हेच फायटेट लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यात शिरू देत नाही. वाळलेली बाजरी, डाळ आणि दाणे वेगवेगळे मंद आचेवर भाजा. दाण्यांची सालं पाखडून काढा. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा एकही दाणा राहू देऊ नका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजण्याने पूर्ण जात नाही. मग सगळं एकत्र करून मिक्सरवर किंवा गिरणीत बारीक दळा. गिरणीत आधी कोणी मिरची दळली नाही ना, एवढं विचारा. बाजरीच्या पिठात चरबी जास्त, त्यामुळे ते लवकर कडू पडतं, म्हणून एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. ज्वारीला मात्र मोड आणून बाळाला देऊ नका; तिच्या कोंबांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ज्वारी नुसती भाजून वापरावी.

एका वेळेसाठी पोह्याचे तीन गच्च चमचे पीठ पाऊण वाटी गार पाण्यात कालवा, गुठळी मोडा, ढवळत पाच-सात मिनिटं शिजवा, उतरवल्यावर अर्धा चमचा तूप किंवा घाण्याचं तेल घाला. बाळाला आधी दोन-तीन चमचे, मग आठवड्या-आठवड्याने वाढवत दिवसातून दोन-तीन वेळा. चाळीस ग्रॅम पीठ आणि चमचाभर तूप एवढ्यात सहा ते आठ महिन्यांच्या बाळाचे दोनशे उष्मांक जवळपास भरतात. वाण्याच्या आजच्या भावाने हे पीठ किलोला सत्तर-ऐंशी रुपयांत पडतं, म्हणजे दिवसाला पिठाचे तीन-साडेतीन रुपये. तूप धरून सात रुपये. तेवढंच तयार डब्यातलं पीठ पस्तीस रुपयांच्या आसपास जातं. हा फरक महिन्याला आठशे रुपयांचा आहे. त्या पैशात बाळाला रोज अर्धं अंडं आणि एक केळं येऊन वर बरेच पैसे उरतात, आणि नुसत्या पिठापेक्षा ते बाळ कितीतरी चांगलं वाढेल.

अंड्याबद्दल थोडं आग्रहाने लिहितो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला पूर्ण उकडलेलं अंडं, पांढऱ्यासकट, कुस्करून देता येतं. पहिल्यांदा थोडंसं द्या, अंगावर पुरळ उठत नाही ना, ओठ सुजत नाहीत ना, हे बघा, मग वाढवा. जे घर खातं त्या घराने वर्षाची वाट पाहू नये. जे खात नाही त्या घरात घट्ट दही, पनीर, मोडाची मटकी शिजवून सालं काढून, आणि बारीक दाण्याचं कूट यांवर भर द्यावा. दाणा अख्खा कधीही देऊ नका, तो घशात अडकतो. भाजीसाठी बाजारात जायची गरज नाही. बांधावरच्या शेवग्याचा कोवळा पाला मूठभर घेऊन खिमट शिजतानाच त्यात टाका. लाल भोपळा, गाजर, पपई हीही स्वस्तातली. वरून लिंबाचे दोन थेंब पिळा; आंबटातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं. चहा याच्या बरोबर उलटं काम करतो. बाळाला चहा-बिस्किट देणारं घर पैसे देऊन लोह बाहेर घालवतं.

बाळ पातळच मागतं, घट्ट दिलं की थुंकून टाकतं, अशी तक्रार येते तेव्हा एक युक्ती उपयोगी पडते. बडोद्याच्या डॉ. तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर बराच अभ्यास केला. गव्हाला मोड आणून, उन्हात वाळवून, अगदी हलके शेकून दळलं की त्या पिठात अमायलेज हे विकर जिवंत राहतं. गरम, घट्ट खिमटात हे पीठ चमचाभर ढवळलं की काही मिनिटांत ते सैल होतं, कारण पिष्टाच्या लांब साखळ्या तुटतात. पाणी न वाढवता घास पातळ होतो, उष्मांक तेवढेच राहतात. नंतर पुन्हा एक उकळी द्यावी. पीठ जास्त भाजलं तर विकर मरतं, म्हणून नुसतं शेकायचं.

तयार डब्याबद्दल न्यायाने बोलायला हवं. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळलेली असतात, आणि ती घरच्या पिठात आपोआप येत नाहीत. पण त्याच डब्याची दुसरी बाजू एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने उघड केली: भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या तपासलेल्या प्रकारांत दर वाढपात जवळपास तीन ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि त्याच कंपनीच्या जर्मनी-ब्रिटनमधल्या अशा उत्पादनांत ती नव्हती. आपण नियमांच्या आत आहोत आणि साखर कमी करत आलो आहोत, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढे तिने साखर न घातलेले प्रकारही बाजारात आणले. डबा घ्यायचाच असेल तर मागच्या बाजूची यादी वाचून घ्या. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ काहीच नको. मध तर अजिबात नको; त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बोट्युलिझमची बाधा होऊ शकते, मग तो मध कितीही शुद्ध असो.

डब्यातल्या लोहाला पर्याय सरकारी आहे आणि फुकट आहे. ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचं औषध द्यायचं असतं. ते आशाताईंकडे मिळतं. औषधाने शी काळी होते, ते बघून घाबरून बंद करू नका.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात बाळांचा आणखी एक मोठा गट दर दिवाळीला येतो आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला जातो. हा ऊसतोडीचा गट. कोपीत राहणारी आई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी-कालवण करते आणि फडावर जाते. सकाळी शिजवलेलं दुपारी बाळाच्या तोंडात जातं, तेही बहुतेकदा मोठ्या बहिणीच्या हातून. शिजलेलं ओलं अन्न उन्हात दोन तासांच्या वर ठेवलं की त्यात जंतू वाढतात, मग जुलाब, आणि एका जुलाबात महिन्याची कमाई जाते. इथे शिकवणी खिमटाची नको, सातूची हवी. गहू आणि फुटाण्याची डाळ पूर्ण भाजून केलेलं पीठ शिजवावं लागत नाही. पहाटे उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरून फडावर न्यावं. हात साबणाने धुऊन, वाटीत चार चमचे सातू, लागेल तेवढंच गरम पाणी, थोडं तेल. जेवढं खाईल तेवढंच कालवावं, उरलेलं ठेवू नये. बाटली-बूच नकोच, वाटी-चमचा धुवायला सोपा. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावं. फडावरच्या बाळाला त्याच्याइतकं सुरक्षित दुसरं काही मिळत नाही.

स्थलांतरित घरांना एक गोष्ट बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. रेशनकार्ड बीडचं असलं तरी ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत धान्य शिक्रापूरच्या दुकानातून उचलता येतं, आणि जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. बाळाचं नाव कार्डावर चढवलं तर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलोच्या हिशेबाने त्याचाही वाटा येतो. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्याचं माप सुरुवातीला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं ठरवलं होतं. त्यासाठी गावचा रहिवासी असण्याची अट नाही. ते पाकीट सगळ्या घरात वाटलं गेलं की बाळाच्या वाट्याला काही उरत नाही. बाळाची वाटी वेगळी ठेवा आणि ती त्याचीच राहू द्या.

उष्टावणाबद्दल शेवटी सांगायला हवं, कारण तिथे नेहमी उशीर होतो. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, मामाला सुट्टी मिळेल तेव्हा, पाहुणे जमतील तेव्हा, असं करता करता आठवा महिना उजाडतो. सहा महिने पूर्ण होतात तेव्हा बाळाचा जन्मतः आणलेला लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि नुसत्या दुधाने ती तूट भरत नाही. सोहळा सवडीने करा, घास वेळेवर सुरू करा. आठव्या-नवव्या महिन्यापासून मिक्सरचा गुळगुळीत लगदा सोडून हाताने कुस्करलेलं, थोडं कणीदार द्या. कणी चावायची सवय दहाव्या महिन्याच्या आत लागली नाही तर पुढे बाळ घास तोंडात धरून बसतं. वर्षाचं झालं की मिरची घालण्याआधी घरचंच वरण-भात, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, दिवसातून तीन-चार वेळा आणि मधे एखादं फळ.

दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचं वजन करून घ्या आणि तक्त्यावरची रेघ सेविकाताईंकडून समजून घ्या. रेघ वर चढत असेल तर तुमचं खिमट बरोबर आहे. दोन महिने ती आडवी राहिली, तर पाणी आणखी कमी करा, तूप वाढवा आणि बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका.